पोरं वर्गात बोलती करायची तर

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरतं निघालं, तरी अक्कलकोट-मंगळवेढ्याची पोरं एसटीच्या वेळेवरच जगतात. गटचर्चा, नाटकाची तालीम भर दुपारी बसवा. संध्याकाळी ठेवलीत की आधी मुली गळतात.

भाषेचं त्याहून अवघड. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, वर्गात मराठी आणि पुस्तक इंग्रजी! प्रश्न टाकून लगेच नाव पुकारू नका. दोन मिनिटं शेजारच्याशी बोलू द्या, हव्या त्या भाषेत. मग उत्तर मागा. मागचा बाकही तोंड उघडतो.

हजेरीच्या धाकानं नुसते बाक भरतात. टॉवेल कारखान्यात राबून येणाऱ्याला झापण्याआधी ‘कमवा व शिका’ योजनेचा अर्ज शेजारी बसून भरून द्या. बाकी स्नेहसंमेलनाची काळजी नको, तिथं सगळे येतात.