टॅलीतील हिशेबाची प्रत ऑनलाइन ठेवताना

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपाव्या लागतात. म्हणजे 2023-24 च्या वह्या 31 डिसेंबर 2030 पर्यंत हाताशी हव्यात, आणि तोवर दुकानातला संगणक टिकेलच असे नाही. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच दुकानाच्या गल्ल्यात ठेवणारे पुष्कळ असतात. आग किंवा पुराचे पाणी संगणक आणि पेन ड्राइव्ह दोन्ही एकदमच नेते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा फोल्डर थेट गूगल ड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीशी जोडणे सोयीचे वाटले तरी ते टाळावे, कारण काम सुरू असताना फाइल अर्धवट चढून डेटा बिघडू शकतो, शिवाय खंडणीखोर व्हायरसने संगणकावरील फाइल कुलूपबंद केल्यास तीच निकामी फाइल ऑनलाइन प्रतीची जागा घेते. त्याऐवजी दिवसाचे काम संपल्यावर टॅलीतूनच बॅकअप घ्यावा, त्याच्या फोल्डरला तारखेचे नाव द्यावे, त्याची पासवर्डसह झिप (एकच आटोपशीर फाइल) करावी आणि मगच ती ड्राइव्हवर चढवावी. मोफत मिळणारी 15 जीबी जागा जीमेल व फोटोंसह सामाईक असते, तरी लहान दुकानाच्या हिशेबाला ती सहसा पुरते. खाते मालकाच्या नावे असावे, हिशेबनिसाच्या नव्हे, आणि त्याला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, लावावी.

महिन्यातून एकदा ती प्रत उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करावी, म्हणजे टॅलीत परत आणावी. मूळ फोल्डरमध्ये केल्यास चालू नोंदींवर जुन्या नोंदी बसतात. मग प्रत शाबूत आहे ना, हे कळण्यासाठी तिच्यातील बँक खात्याची शिल्लक मूळ नोंदींशी ताडून पाहावी.