दीडशे पीसींवर सॉफ्टवेअर टाकताना

डेस्कटॉप सपोर्टला लागलो तेव्हा सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन टेबलं फिरायचं. "मॅडम, दहा मिनिटं पीसी देता का?" असं दिवसभर. मग सिनियरने ग्रुप पॉलिसी दाखवली, म्हणजे एका जागेवरून सगळ्या पीसींवर सेटिंग आणि सॉफ्टवेअर लावायची विंडोजचीच सोय.

डोमेन (सगळे पीसी आणि खाती एका विंडोज सर्व्हरखाली) असेल तर तिला वेगळा खर्च नाही. पण ती एमएसआय (विंडोजच्या ठरलेल्या साच्यातली इन्स्टॉल फाइल) हीच घेते, नेहमीची सेटअपची ईएक्सई नाही. माझं पहिलं पॅकेज एकाही मशीनवर बसलं नाही. पॅकेज ठेवलेल्या शेअर फोल्डरवर मी 'डोमेन युजर्स'ना, म्हणजे माणसांच्या खात्यांना, परवानगी दिली होती. कॉम्प्युटरला असाइन केलेलं पॅकेज बसतं पीसी सुरू होताना; तेव्हा कुणी लॉगिन केलेलंच नसतं, फाइल उचलते ती मशीन, स्वतःच्या खात्याने. 'डोमेन कॉम्प्युटर्स' घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम झालं. कुठे बसलं, कुठे फसलं याचा अहवाल मात्र नाही. एकेका पीसीचा इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) बघत बसा.

पीडीक्यू डिप्लॉय या सॉफ्टवेअर वाटायच्या टूलमध्ये बटण दाबलं की लगेच सुरू, निकालही समोर. फक्त पीसी चालू आणि नेटवर्कवर हवा. एकाच मजल्यावरच्या ऑफिसला मी आजही हेच सुचवीन. मायक्रोसॉफ्टचं एससीसीएम (पीसी सांभाळायची मोठी यंत्रणा) ताकदवान आहे, पण त्याला स्वतःचा सर्व्हर, एसक्यूएल डेटाबेस आणि सांभाळणारा माणूस लागतो. शाखा बऱ्याच असतील तरच त्या वाटेला जा.

लॉपटॉप घरोघरी गेले की इंट्यून, मायक्रोसॉफ्टची हेच काम क्लाउडवरून करणारी सेवा. व्हीपीएन नको, इंटरनेट पुरे. तिथे घाई मात्र चालत नाही. साहेब मागे उभे असले तरी लॉपटॉप 'नवीन काही आहे का' हे त्याच्या वेळेलाच विचारायला येतो.

काहीही निवडा, आधी इन्स्टॉलर सायलेंट, म्हणजे काहीही न विचारता, चालतो का ते एका टेस्ट मशीनवर बघा, तेही सिस्टम खात्याखाली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली (पीएसएक्झेक या छोट्या टूलने जमतं). स्वतःच्या अ‍ॅडमिन लॉगिनने चाललेला इन्स्टॉलर तिथे न दिसणारी खिडकी उघडून 'नेक्स्ट'ची वाट बघत बसू शकतो. इन्स्टॉलर संपताना देतो ते निकालाचे आकडे, एक्झिट कोड, पाठ होतातच: 0 म्हणजे झालं, 3010 म्हणजे झालं पण रीस्टार्ट हवा, 1618 म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, 1603 म्हणजे फसलं, लॉग उघडा.

आणि डिटेक्शन रूल, म्हणजे सॉफ्टवेअर आधीच बसलंय का हे ओळखायचा नियम. मी एकदा नेमका आवृत्तीचा आकडा घातला. सॉफ्टवेअरने स्वतःला अपडेट केलं, इंट्यूनला वाटलं ते तिथे नाहीच, आणि ते जुनी आवृत्ती परत परत टाकायला लागलं. आता तिथे 'ही किंवा हिच्या पुढची' असाच नियम लावतो.