प्रदर्शनाला जाताना मापांची चिठ्ठी न्या

महालक्ष्मी सरस या महिला बचत गटांच्या वस्तूंच्या किंवा हातमागाच्या प्रदर्शनात गेलं की नको ते घेतलं जातं आणि हवं ते माप माहीत नसल्यामुळे राहून जातं. उपाय सोपा आहे.

१. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. गरज जाणवेल तेव्हा वस्तू आणि माप लिहा: सतरंजीची लांबी-रुंदी, पडद्याची उंची.

२. कोल्हापुरीसाठी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा. घरच्या इतरांचीही घ्या. चप्पल किंचित घट्टच निवडा, चामडं वापरात सैल होतं.

३. पहिली फेरी फक्त बघण्याची. पैसे दुसऱ्या फेरीत, तेही चिठ्ठीतल्या वस्तूंवरच.

४. चिठ्ठीतलं मापात मिळालं नाही, तर कारागिराचा नंबर घेऊन ऑर्डर द्या. मला तर हेच जास्त आवडतं: हवं तसं मिळतं आणि प्रदर्शन संपल्यावरही त्यांच्या हाताला काम राहतं. अशा वेळी घासाघीस करू नये.

कोल्हापुरी मात्र पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात चामडं कडक होऊन तडकतं.