प्रतिकारशक्तीची जनुकं अभ्यासताना या चुका टाळा

‘जनुक धडधाकट आहे म्हणजे ते सगळीकडे काम करतं’ ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक. डफी रक्तगटाचं उदाहरण बघा. तांबड्या पेशींवरच्या डफी प्रथिनाला धरून व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवी आत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसतंच, आणि तरीही त्यांच्यात प्रथिनाचा आराखडा शाबूत असतो! बदल आहे तो जनुकाच्या आधीच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागात: डीएनएच्या टी या अक्षराच्या जागी सी. एरवी गाटा-१ हे प्रथिन तिथे बसून तांबड्या पेशींत जनुक चालू करतं. अक्षर बदललं की त्याला नीट बसता येत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मात्र तेच जनुक सुरू राहतं. म्हणून केवळ प्रथिनाचा भाग वाचून ‘बदल नाही’ असं ठोकून देऊ नका. प्रमोटर तपासा, आणि कोणत्या पेशीत, हेही विचारा.

याच बदलामुळे या लोकांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मुळातच कमी भरतात. अहवालात आकडा कमी दिसला, की लगेच आजार समजणं चूक. उलट, डफी नाही म्हणजे व्हायव्हॅक्सपासून पूर्ण अभय, असंही नाही. 2010 मध्ये मादागास्करमध्ये डफी नसूनही व्हायव्हॅक्स झालेले रुग्ण आढळल्याचं प्रसिद्ध झालं.

‘मलेरिया आला म्हणून शरीराने जनुक बदललं’ हे वाक्य तर उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं. बदल आपोआप, योगायोगाने होतो. तो ज्यांच्यात होता ते जास्त संख्येने तगले, त्यांची मुलं वाढली, एवढंच.

प्रत्येक अँटिबॉडीला वेगळं जनुक असतं, हाही असाच गैरसमज. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम 20,000. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात. हे दाखवणाऱ्या सुसुमु तोनेगावांना 1987 चं नोबेल मिळालं.

आणि ‘चांगलं जनुक, वाईट जनुक’ अशी वाटणी करू नका. कोणत्या रोगापुढे, ते लिहा. तिसऱ्या गुणसूत्रावरचा निअँडरथल या नामशेष मानवांकडून आलेला एक तुकडा दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आहे. त्याने कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी 2020 मध्ये दाखवलं. झेबर्ग यांच्याच 2022 च्या अभ्यासात, हाच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कमी दिसला.