दिवा स्टेशन सुटलं की दहा श्वास

ऑफिसातली कटकट डोक्यात घेऊनच घरी पोचायचं आणि दार उघडणाऱ्यावर विनाकारण खेकसायचं, हे माझं रोजचंच झालं होतं. मी डोंबिवलीला उतरते. आता लोकलने दिवा स्टेशन सोडलं की मी एवढंच करते:

१. मोबाईल पर्समध्ये टाकून चेन लावायची. हातात राहिला की बोट ऑफिसच्या ग्रुपवर जातंच.

२. दोन्ही तळपाय चपलेत नीट टेकवायचे. डब्याची थरथर पायाला जाणवते, तिकडे लक्ष द्यायचं. बसायला जागा मिळायलाच हवी असं नाही.

३. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्यायचा, सहा मोजत सावकाश सोडायचा. असे दहा श्वास, दोन मिनिटंही लागत नाहीत. सोडताना घाई करू नका, खरा आराम तिथेच मिळतो. आवळलेला जबडा आणि वर चढलेले खांदे आपोआप खाली येतात.

४. मध्येच साहेबांचं बोलणं आठवणार. आठवू दे. मनात फक्त ‘विचार’ म्हणायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं. मला पहिला आठवडाभर दहापर्यंत पोचताच आलं नाही, तरी घरात पाऊल टाकताना फरक कळत होता.

दारात उभ्या असाल तर मात्र हे करू नका, तिथे लक्ष दांड्यावरच हवं. आत सरकल्यावरही डोळे उघडेच ठेवा.

रिक्षाच्या रांगेतही जमतं.