फाल्त्समधलं पूर्वजांचं गाव: जायच्या आधी काय करायचं, गेल्यावर काय बघायचं

अमेरिकेतल्या मराठी घरांत जावई किंवा सून जर्मन वंशाची असली की युरोप ट्रिप ठरताना "पणजोबांचं गावही बघून येऊ" असा विषय निघतोच. जरूर जा, पण गावाचं नक्की नाव हातात असल्याशिवाय तिकीट काढू नका. अमेरिकन जनगणनेच्या जुन्या कागदांत बरेचदा नुसतं 'बव्हेरिया' लिहिलेलं असतं आणि लोक सरळ बव्हेरियाची राजधानी म्युनिक गाठतात, पण ऱ्हाइनकाठचा फाल्त्स, म्हणजे जर्मनीच्या नैऋत्येचा प्रदेश, १८१६ नंतर बव्हेरियाचाच होता, म्हणजे तुमचं गाव तिथून तीनेकशे किलोमीटर लांब असू शकतं!

नाव बहुतेक अमेरिकेतच सापडतं. ती मंडळी ज्या जर्मन चर्चला जायची तिथल्या लग्न-मृत्यूच्या नोंदी, थडग्यावरचा मजकूर, जुनी पत्रं, सगळं उपसा. आडनाव बदललेलं असणार हेही धरून चाला, म्युलरचे मिलर आणि श्नायडरचे स्नायडर झालेत. मग घराणं प्रोटेस्टंट की कॅथलिक ते बघा, कारण चर्चची रजिस्टरं वेगळी. प्रोटेस्टंटांची आर्किऑन या वेबसाइटवर पैसे भरून बघता येतात, कॅथलिकांची काही माट्रिकुला या वेबसाइटवर फुकट आहेत, आणि श्पायर शहरात दोन्ही चर्चची अर्काइव्ह आहेत, तिथे आधी ईमेल करून वेळ घ्या. कुरेंट म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर आठवडाभर गिरवून जा, त्यातला ई चक्क एनसारखा दिसतो, नाहीतर स्वतःचंच आडनाव समोर असून कळायचं नाही. आणि बव्हेरियाच्या आधी, १७९८ ते १८१४, तिथे फ्रेंच राज्य होतं, त्या काळातल्या सरकारी नोंदी फ्रेंचमध्ये आहेत.

आता मुख्य गोष्ट. कबर शोधायला जाऊ नका. जर्मनीत कबरीची जागा साधारण वीस-तीस वर्षांपुरतीच मिळते, मुदत वाढवली नाही तर ती दुसऱ्याला देतात, त्यामुळे १८५० सालचे पणजोबा तिथे सापडणं जवळजवळ अशक्य, आणि बरेच लोक तिथेच हिरमुसून परत फिरतात. त्याऐवजी जुन्या घरांच्या दगडी कमानी बघा, मधल्या दगडावर कितीतरी ठिकाणी साल आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली असतात, द्राक्षाचा घड नाहीतर धंद्याची खूण पण असते. फोटो रस्त्यावरूनच काढा, आत माणसं राहतात. चर्चजवळच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातली नावं असतात, तिथे आपलं आडनाव दिसलं तर नात्यातलं कोणी गावात असण्याची शक्यता धरा.

महिनाभर आधी पाद्रीबाईंना किंवा पाद्रींना साध्या जर्मनमध्ये चार ओळी लिहा, वंशावळ एका कागदावर मोठ्या टायपात न्या. रविवारी प्रार्थनेनंतर म्हातारी माणसं भेटतात, तो कागद त्यांच्या हातात द्या, मग बघा कशी बोलायला लागतात ते. मात्र रविवारी दुकानं बंद आणि बस कमी, गाडी भाड्याने घेतलेली बरी. सप्टेंबरात बाड ड्युर्कहाइमला वुर्स्टमार्क्ट नावाची मोठी वाइन जत्रा असते, तेव्हा जाणार असाल तर खोली फार आधी बुक करा.