चावट शब्दांच्या नोंदी लिहिताना या चुका टाळा

गावोगावी बोलीचे शब्द गोळा करणारी पोरं वाढली आहेत, चांगलंच आहे. पण खडी गंमत, दंडार ही विदर्भातली लोकनाट्यं, शिमग्याच्या बोंबा, लग्नातली विहिणीची गाणी आली की त्यांची लेखणी अडखळते आणि त्याच त्या चुका तपासायला माझ्याकडे येतात.

सगळ्यात जास्त चीड फुल्यांची. पहिलं अक्षर, पुढे फुल्या, झाली नोंद! याला सभ्यपणा म्हणत नाहीत. फ्रान्सिस ग्रोझ यांनी १७८५ साली रस्त्यावरच्या इंग्रजीचा कोश काढला, त्यात काही शब्दांची मधली अक्षरं गाळून तारे छापले. तिथं चाललं, कारण ते शब्द लंडनमध्ये सगळ्यांना पाठ होते. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, शब्द चार गावांच्या बाहेर कोणाला ठाऊक? भंडाऱ्याकडच्या एका शाहिराच्या वहीतली लावणी एका पोराने अशीच उतरवून आणली. सवालात फुल्या, जवाबातही फुल्या, दोन्हीकडे तीन-तीन. शब्द एकच की वेगळे? विचारलं तर म्हणतो, ‘‘तुम्हाले समजनच ना सर.’’ मूळ वही बघायला गेलो तोवर शाहीर गेलेले आणि वही वाळवीने खाल्लेली. यमकावरून शेवटचं अक्षर तेवढं सांगता येतं.

म्हणून टिपणवहीत शब्द पूर्ण लिहायचा, जसा ऐकला तसा. काय झाकायचं ते छपाईच्या वेळी ठरवू. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने असे दोन शब्द पहिल्या आवृत्तीत गाळले, ते १९७२ च्या पुरवणीत घेतले. इंग्रजांना घाई नव्हती, शब्द जिवंत होते.

अर्थ सांगताना संस्कृतच्या आड लपू नका. अर्थ साध्या, डॉक्टरी भाषेत द्या आणि चावटपणा शेऱ्यात सांगा: कोण म्हणतं, कोणाला, कधी. विहिणीला दिलेली शिवी मांडवात मानाची असते, तीच विहिरीवर दिली तर डोकी फुटतात. नुसतं ‘अश्लील’ लिहून या दोन्ही नोंदी एकसारख्या करणाऱ्याने कोशाच्या वाटेला जाऊ नये.

जुन्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवू नका. ‘रांड’ जुन्या मराठीत विधवेलाही म्हणत. नोंदीत दोन्ही अर्थ हवेत, काळासकट.

जातीवरून वा शेजारच्या गावावरून दिलेली शिवी नोंदवा, पण उदाहरणाच्या वाक्यात मजेने वापरू नका.

गाणं सांगणाऱ्या आजीचं पूर्ण नाव छापणं हा तर गाढवपणा. छोट्या गावात पुस्तकाची एक प्रत पुरते. एका संग्रहात असं नाव आलं आणि आजीचा नातू, गावातला प्रतिष्ठित माणूस, प्रकाशकाच्या दारात उभा राहिला. आजी हसत होती म्हणे, पण पुढच्या लग्नात ती गायली नाही. मी तालुका आणि वयोगट एवढंच लिहितो. नाव टाका असं कोणी स्वतःहून म्हटलं, तरी घरच्यांसमोर पुन्हा विचारतो.

शेवटचं, घाईवाल्यांसाठी. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘तुमच्याकडचे चावट शब्द पाठवा’ असं टाकू नका. रात्री पोरं स्वतःच रचून पाठवतात, आणि चांगले रचतात! दोन गावांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडून ऐकल्याशिवाय मी शब्द घेत नाही. त्यासाठी चहा प्यावा लागतो, पानसुपारी न्यावी लागते आणि सून आत गेल्याशिवाय म्हातारी तोंड उघडत नाही.